आटलेल्या नदीतले ट्राउट

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या कडेला, आमच्या घरामागून एक नदी जाते. आपल्याकडच्या माणसाला ती ओढाच वाटेल. पण पाणी खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेलं, गार आणि नितळ. त्यात ट्राउट मासे. इथल्या अँगलिंग क्लबात मी गळानं मासेमारी शिकले. मासा पकडायचा आणि परत सोडायचा, हे माझ्या आईला अजूनही पटत नाही.

एका ऑगस्टमध्ये नदी आटली. पुलाखालच्या डबक्यात ट्राउट एकमेकांवर चढून आ वासत होते. क्लबानं परवानगी काढली आणि मी नि क्लबातली एक रिटायर्ड नर्स चिखलात उतरलो. जाळीनं मासे बादल्यांत भरायचे, गाडीतून खाली जिथे पाणी होतं तिथे नेऊन सोडायचे. एक थोराड मादी माझ्या हातातच गेली. मला रडू आलं नाही. कुणाला तरी धरून चोपावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात व्हिलेज हॉलमध्ये पाणी कंपनीची मीटिंग होती. कंपनीचा माणूस स्लाइड दाखवत म्हणाला, "अशा नद्या अधूनमधून आटतातच. निसर्गच आहे तो."

"आणि वरच्या अंगाला तुमचा पंप रात्रंदिवस उपसतोय, तोही निसर्गच का?" मी विचारलं.

"लोकांना पाणी तर द्यावंच लागतं, मॅडम."

मागून आमचा शेजारी बोलला, "लोक तरी किती वाढलेत! कुठून कुठून येतात." बोलताना नजर माझ्यावरच.

मी उभी राहिले. "तुमचा स्प्रिंकलर सकाळपासून लॉनवर फिरतोय. माझं गवत करपलंय. नदी कोण प्यायलं, सांगू सगळ्यांना?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. मी आणखी बोलणार होते, पण नर्सनं माझा हात दाबला. "त्याला सोड. पंपाचं विचार."

"उपसा कधी कमी करणार?" मी कंपनीच्या माणसाला विचारलं.

"आम्ही आढावा घेतोय."

तेव्हापासून आम्ही दोघी कोरड्या पात्राचे फोटो काढून सरकारी खात्याला पाठवत राहिलो. उत्तरं यायची, गोडगोड आणि पोकळ. शेवटी खात्यानं कंपनीला उपसा कमी करायला लावला आणि पुढच्या हिवाळ्यात पाणी परतलं. वरच्या भागात ट्राउट मात्र अजून दिसत नाहीत. कंपनीनं पुलाजवळ पाटी लावली: आम्ही तुमची नदी जपतो. वर ट्राउटचं गुबगुबीत चित्र.

"पाणी आलं ना? आता राग सोड," नर्स म्हणते.

मी सोडलेला नाही. दर मीटिंगला पहिल्या रांगेत बसते. मला पाहिलं की तो कंपनीचा माणूस उगाच लॅपटॉपची वायर चाचपायला लागतो. चाचपू दे.