बारशाआधी

नौपाड्याहून शाळेत आम्ही दोघे रोज बरोबर चालत जायचो. ते हेडमास्तर, मी हाताखालचा. वाटेत ते भांडत, पण माझ्याशी नव्हे, आदल्या दिवशी वाचलेल्या पुस्तकाशी; आणि वाक्यागणिक छत्री जमिनीवर आपटत. वर्गात तर त्यांच्या हातात खडू अख्खा म्हणून राहत नसे.

एकदा तपासणीला आलेल्या डेप्युटींनी मुलांना सांगितलं, “हा देश जन्मला तो राणीसरकारच्या राज्यात. त्याआधी नुसती संस्थानं होती. सगळ्यांना मिळून एक नावसुद्धा नव्हतं.”

मास्तरांच्या हातातला खडू मोडला. “रावसाहेब, माझी पोर दहाव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं. नाव नव्हतं, म्हणून ती जन्मलीच नाही म्हणता?”

“देशाचं चाललंय, तुमच्या घरचं नाही!”

“जन्माचं चाललंय! तो कधी झाला ते आईला विचारावं, बारशाला जेवायला आलेल्या पाहुण्याला नव्हे!”

संध्याकाळी डेप्युटींनी माझ्यापुढे कागद सरकवला. मास्तर सरकारविरुद्ध बोलले, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. त्यांना काढलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

जाताना शाळेच्या किल्ल्या त्यांनीच माझ्या हातात दिल्या. “देश कधी जन्मला असं मुलांनी विचारलं, तर काय सांगशील रे?” एवढंच म्हणाले. छत्री आपटली नाही.

वीस वर्षं मी डेप्युटींचंच उत्तर सांगतोय. कुणी शंका काढली की अंगावर ओरडतो. पण माझ्या हातातला खडू अजून एकदाही मोडलेला नाही.