टॅम्पिनीसच्या पेटीवाल्याची चाल

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या बागेत, दर रविवारी दुपारी चार-पाच जण आयरिश वाद्यसंगीत वाजवत बसायचे. त्यांच्यातला तो पिकल्या दाढीचा फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला. डोळे मिटून वाजवायचा आणि टाचेनं ठेका धरायचा.

कुणाचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना संपला, की तो देश सोडायचा आणि बँडचा आवाज बदलायचा. अकॉर्डियनवाली गेली तेव्हा आवाज अगदी पोकळ झाला. नेहमी ऐकत बसणाऱ्या मला फिडलवाल्यानं विचारलं, "तुझ्याकडे आहे का एखादं वाद्य?"

टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर माझी पेटी धूळ खात पडली होती. पुढच्या रविवारी ती टॅक्सीत घालून नेली. परक्या गावात मला बसायला जागा मिळाली ती अशी.

चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून मिळाली हे सांगायचं, हा त्यांचा रिवाज. माझा पास संपला तेव्हा फिडलवाला म्हणाला, "जाणारा एक चाल ठेवून जातो. तुझी कुठली?"

आईकडून मिळाली असं सांगून, ती जयंतीला वस्तीत गायची ते भीमगीत मी वाजवलं. त्यानं तीनदा ऐकलं आणि फिडलवर उचललं.

दोन वर्षांनी तिथल्या एका मित्रानं बागेतूनच मला नागपूरला फोन लावला. वाद्यं नवी, आवाज नवा. पण बोलत होता तो फिडलवालाच: "ही चाल टॅम्पिनीसच्या पेटीवाल्याची. त्याला ती त्याच्या आईनं दिली."

मी फोन आईच्या कानाला लावला. तिकडे फिडलवर चाल सुरू झाली. ती मांडीवर ठेका धरून गायला लागली.