दादाच्या नावाचा पुकारा

दुसऱ्यांदा नादारीचा अर्ज केला तेव्हा वकील म्हणाले, "घेणेकऱ्यांच्या यादीत एकही नाव सुटायला नको. सख्खा भाऊ असला तरी." मी दादाचं नाव घातलं. खोटं लिहिणं मला जमत नाही.

आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी. मला शिकता यावं म्हणून दादा दहावीनंतर खडकीच्या फॅक्टरीत लागला. माझे कॉम्प्युटर क्लास बुडून पहिली नादारी आली तेव्हा त्यानेच सावरलं. पुढे आयटीची लाट आली, मी कंपन्यांना माणसं पुरवायची एजन्सी काढली, तेव्हाही फंडातून पैसे काढून दिले. लाट ओसरली. हातात आलं त्यातून मी पोरांचे पगार केले, इन्कम टॅक्स तसाच राहिला. त्याची मला लाज नाही वाटली.

कोर्टाची नोटीस दादाच्या क्वार्टरवर गेली. शेजाऱ्यांदेखत त्याला सही करावी लागली. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, भावाला कोर्टाचा कागद? एवढं शिकून हेच का?" मागून दादाचा आवाज आला, "ठेव तो फोन." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

म्हणून नादारीतून मुक्ततेच्या सुनावणीची मी वाटच पाहत होतो. हरकत घ्यायला घेणेकऱ्यांना बोलावतात. दादा येईल, सगळ्यांसमोर चार शिव्या घालेल, मग खाली चहा पिऊ. कर्वेनगरातल्या एका खोलीत एकट्याने राहिलं की माणूस असले बेत करतो.

पट्टेवाल्याने एकेक नाव पुकारलं. दादाचं तीनदा. मी दाराकडे बघत होतो. आले ते फक्त इन्कम टॅक्सचे वकील. सरकारी देणं नादारीत सुटत नाही, एवढं सांगून खाली बसले. जज्जसाहेबांनी ते मान्य केलं. टॅक्स माझ्या डोक्यावर राहिला, बाकी सगळ्यांचं देणं सुटलं. दादाचंही.

"अभिनंदन," माझे वकील म्हणाले. "आता एकट्या सरकारचे मिंधे आहात. चहा पाजा."

चहा त्यांना पाजला आणि बूथवरून खडकीला फोन लावला. नेमका दादानेच उचलला.

"दादा, सुटलो मी."

"कुणापासून?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने फोन ठेवला.

टॅक्सचे हप्ते पुढे भरत गेलो. दादाला मनीऑर्डर केली, ती 'घेण्यास नकार' शेरा घेऊन परत आली. कायद्याने त्याचं बरोबरच होतं. माझ्याकडे त्याचं काहीच निघत नव्हतं.