ओटीचा नारळ आणि माझा डावा पाय

माझा साखरपुडा मोडता मोडता राहिला, त्यात पत्रिकेचा, देण्याघेण्याचा किंवा मुलीच्या नापसंतीचा काडीइतकाही दोष नव्हता. दोष होता माझ्या डाव्या पायाचा.

मुंबईला कॉलेजात असताना मी फुटबॉल खेळत असे. उगाच मैदानात धावणाऱ्यांतला नव्हे, कॉलेजच्या टीममधला! माझी जागा लेफ्ट-आउटची, म्हणजे डाव्या कडेने बॉल घेऊन पळायचं. सुट्टीत रत्नागिरीला आल्यावर ही बातमी मी मोठ्या ऐटीत आईला सांगितली.

"आई, मी टीममध्ये लेफ्ट-आउट आहे!"

आई पाट्यावर चटणी वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "आऊट झालास ना? मग परत कशाला जातोस? आंबे उतरवायला माणूस हवाच आहे."

खरं सांगायचं तर आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. एका मॅचमध्ये समोरचा गोलकीपर चिखलात पालथा पडलेला, गोल देवळाच्या दारासारखा सताड उघडा, बॉल माझ्या पायाशी... आणि मी विचार करत उभा! डाव्या कोपऱ्यात मारू, की उजव्या? माझं ठरेपर्यंत त्यांचा एक आडदांड गडी आला आणि बॉल घेऊन गेला. (जाताना 'थँक यू' म्हणून गेला, हे जास्त झोंबलं.)

आमचा कॅप्टन गोव्याचा. तो मॅच संपल्यावर कपाळाला हात लावून म्हणाला, "तुझो पाय बरो आसा रे, पण डोकं मधे येतं! बॉल आला की विचार नाही करायचा. मारायचा!"

हा उपदेश मी इतका मनावर घेतला, की डाव्या बाजूने काहीही गडगडत आलं तरी डोक्याला खबर लागण्याआधी पाय आपलं काम उरकू लागला. पुढच्या वर्षी मी गोल केले, पेपरात एकदा नाव छापून आलं (आडनाव चुकीचं), आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढल्या साली तिसऱ्या वर्गात बी. ए. होऊन मी घरी परतलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. मुलगा मामलेदार होणार अशी त्यांची खात्री. मुलगा हायस्कुलात मास्तर झाला. इंग्रजी शिकवायचं आणि संध्याकाळी मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळवायचं. घरी आलो की परसात नारळाची रिकामी सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पडलेली असत, ती मी पायाने उडवत बसे. एक सोडण एकदा अण्णांच्या पूजेच्या पाण्यात पडलं. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलले तेव्हा न बोलणंच बरं होतं असं वाटलं!

लग्नाचा विषय निघाला तेव्हा पहिलं स्थळ 'मुलगा दांडगट दिसतो' एवढ्या कारणावर फिसकटलं. दुसरं सावर्ड्याचं. मुलीचे वडील तात्या, बाजारात कापडाचं दुकान, माणूस भला. मुलगी दुर्गा. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिने एकदाच वर पाहिलं, पण असं पाहिलं की परतीच्या मोटारीत मला वळणंसुद्धा लागली नाहीत. हे लग्न व्हायलाच हवं होतं!

साखरपुड्याला निघालो तेव्हा अण्णांनी मोटारीत बसल्या बसल्या बजावलं, "तिथे फुटबॉलचा शब्द काढायचा नाही. मुलीचा मामा कडक आहे. विचारलंच तर सांग, बुद्धिबळ खेळतो."

मामांनी विचारलंच. पोलिसातून निवृत्त झालेला माणूस. मिशा अजून नोकरीत होत्या.

"काय जावईबापू, शौक कसला?"

"बुद्धिबळ," मी म्हणालो. अण्णांनी सुस्कारा सोडला.

भटजींचे मंत्र झाले, साखर वाटली गेली. मी वडीलधाऱ्यांना नमस्कार करायला उठून उभा राहिलो. तेवढ्यात आई माजघरात दुर्गेची ओटी भरायला तबक घेऊन निघाली. लुगड्याचा काठ पायात आला, तबक कललं, तांदूळ सांडले, आणि ओटीचा नारळ गडगडत... माझ्या डाव्या बाजूने... अगदी बेतात...

विचार नाही करायचा!

पायाचा आवाज मी ऐकला. नारळ हातभर उंच उडून सणसणत गेला. समोर दाराशी बसलेले मामा, त्या वयात, त्या पोटानिशी, एका अंगावर असे लोळले, की आमच्या कॉलेजच्या गोलकीपरने पाहून शिकावं! नारळ त्यांच्या कानावरून जाऊन उंबरठ्यावर आपटला आणि फुटला. पाणी उडालं ते सगळं मामांच्या कोऱ्या फेट्यावर.

इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझे दोन्ही हात वर गेले आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "गोऽऽल!"

आणि मग अंगठ्यातून कळ आली. सोडण वेगळं आणि सोललेला नारळ वेगळा, हे त्या क्षणी मला मस्तकापर्यंत समजलं.

"लाथ!" मामा गरजले. "ओटीच्या नारळाला लाथ! लक्ष्मीला लाथ मारतो, तो उद्या बायकोला काय करील? तात्या, हे लग्न होणे नाही!"

अण्णा पांढरेफटक. "अहो, मुलगा फार शांत आहे हो. बुद्धिबळ खेळतो..."

"बुद्धिबळात लाथ कोण मारतं? घोडा?"

आई रडवेली झाली. "माझ्याच हातून सुटला हो. तो अडवायला गेला..."

"असा अडवतात? मी वाकलो नसतो तर तुम्ही माझ्याच दहाव्याला आला असता!"

मला वाटलं, खालचा जांभा दगड फाटावा आणि मी त्यात गडप व्हावं. पण जांभा काही फाटत नाही. मी लंगडत उंबरठ्याशी गेलो, नारळाची दोन भकलं उचलली, कपाळाला लावली, आणि मामांच्या पुढ्यात आडवा झालो. "चुकलं माझं," एवढंच बोलता आलं. कॉलेजात गोल चुकल्यावर चारशे पोरं हसली होती, ते बरं होतं. इथे कुणीच हसत नव्हतं.

तेवढ्यात माजघराच्या दारातून फिस्सकन आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. दुर्गा पदर तोंडात कोंबून उभी होती आणि तिचे खांदे गदगदा हलत होते.

तात्या रागावले. "हसतेस काय ग? इथे काय चाललंय, कळतंय का?"

तिने पदर काढला, खाली पाहिलं आणि म्हणाली, "तात्या, त्यांच्या अंगठ्याला आधी हळद लावा. टम्म सुजलाय. भांडण काय, मागाहूनही होईल."

तात्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मामांच्या ओल्या फेट्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसू लागले. मग भटजींना कंठ फुटला: "उंबरठ्यावर नारळ वाढवला, सरळ दोन भकलं झाली. वाईट कसं म्हणावं?" मामांनी फेटा पिळला, झटकला, पुन्हा पिळला. शेवटी म्हणाले, "दुसरा नारळ आणा. पण ह्याला आधी बसवा!"

लग्न वैशाखात झालं. अंगठ्याचं नख तोवर गळून गेलं होतं, आणि ही हकिकत सावर्ड्याहून निघालेल्या पहिल्याच मोटारीने रत्नागिरीत पोचली होती. शाळेत मी वर्गात शिरलो की मागच्या बाकांवरून हळूच कुणीतरी 'गोऽऽल' म्हणायचं. मी फळ्याकडे तोंड करून व्याकरण शिकवत असे.

वरात घरी आली. उंबरठ्यावर आईने तांदळाचं माप ठेवलं होतं. दुर्गेने उजव्या पायाच्या अंगठ्याने त्याला अलगद स्पर्श केला. माप आवाज न करता आत कलंडलं आणि तांदूळ सरळ देवघराच्या दिशेने पसरले. बायका 'वा ग बाई!' म्हणाल्या.

अण्णा माझ्या कानाशी आले. "पाहिलंस? ह्याला म्हणतात पाय!"

इतकी वर्षं कॉलेजसाठी पाय झिजवले. पण आमच्या घरात पायाला पहिली शाबासकी मिळाली, ती बायकोच्या!