चंद्रावरचं विमान डावीकडं गेलं की उजवीकडं?

मंडळी, चंद्र-ताऱ्यांच्या अचाट गोष्टींवर जीव टाकणाऱ्या आपल्या सात जणांत फिरणारी वही आज माझ्याकडं आलीय, अन् मी नुकताच धारूरच्या तंबूतला बायस्कोप बघून आलोय. चंद्रावर जाणाऱ्या विमानाचा. लई झकास! चुकवू नका.

येताना बैलगाडीत मात्र बायकोशी जुंपली.

“विमान डावीकडं गेलं,” ती म्हणाली.

“उजवीकडं! असली पुस्तकं मी वाचतो का तू?”

घरी आल्या आल्या पुरावा म्हणून याच पानावर विमान काढलं, तोंड उजवीकडं. तिनं वही घेतली, पान कंदिलासमोर धरलं अन् मागची बाजू मला दाखवली.

“आमाला असं दिसलं. आमी बाया पडद्यामागं बसलो व्हतो, इसरलात का?”

खरंच की! उजेड आरपार जावा म्हणून ओल्या केलेल्या पडद्यातून त्यांनी अख्खा चंद्रप्रवास उलटा पाहिला होता. ती हसली, मग मीही.

चित्र खोडलेलं नाही. पान उजेडात धरून मागून बघा. अन् तुमच्या घरच्या बायांना पडद्यामागून बायस्कोप कसा दिसतो, हे कधी विचारलंत का? मी तर आजवर विचारलंच नव्हतं.