कपाशीचं फूल

झुंबरबाई आमच्या केदारखेड्याच्या शाळेत खिचडी शिजवतात. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. फक्त त्यांच्या कपाशीच्या फुलाला कुणी हात लावायचा नाही. शाळेच्या कुंपणापलीकडेच त्यांचं वीस गुंठे रान आहे. "एक फूल गेलं म्हंजी एक बोंड गेलं," हे त्यांनी इतक्या वेळा सुनावलंय, की पोरांना पाढ्यांपेक्षा तेच जास्त पाठ आहे.

भाद्रपदात मी पोरांना फुलांचे ठसे घ्यायला शिकवलं. तुरटीच्या पाण्यातून काढून वाळवलेला पांढरा रुमाल (झुंबरबाईंच्या बोलीत दस्ती), त्यात ताजं फूल, वरून घडी आणि दगडाचे हलके ठोके. व्हरांडाभर टकटक चालली होती. ऊन पेंगुळलेलं, हवेला झेंडूचा वास, आणि घडी उघडली की पोरं बघतच राहायची. आपण जागे आहोत की झोपेत, हे मलाही कळेना.

अंजूचा रुमाल तेवढा कोरा होता. आपापल्या घरचंच फूल आणायचं, हा शहाणपणा माझाच. तिचे आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, ती आजोबांजवळ एका खोलीत राहते. अंगणच नाही तर फूल कुठलं? दुसऱ्याचं दिलं तर घेईना. नुसती कुंपणापलीकडे बघत बसली.

झुंबरबाईंनी ते पाहिलं. पळी ठेवली आणि तिचं मनगट धरून तिला रानात नेलं. आता पोरीची खैर नाही, म्हणून मी मागोमाग धावले. आजची फुलं पिवळी, कालची गुलाबी, सगळीकडे मधमाश्यांची गुणगुण. झुंबरबाई एका झाडापाशी थांबल्या, त्या थांबूनच राहिल्या.

"माझ्या बेबीनंदानं असंच एक केसात खोवलं व्हतं, एवढीशी असताना," त्या म्हणाल्या. "लई मारलं मी तिला. अजून जीव जळतो, म्याडम."

आणि त्यांनी फूल तोडलं. एक नाही, दोन.

अंजूच्या रुमालावर फिकट पिवळ्या पाच पाकळ्या उमटल्या. दुसरं फूल झुंबरबाईंनी वेगळ्या रुमालात स्वतः ठोकलं, पार खिचडी करपेपर्यंत. रविवारी तो रुमाल घेऊन त्या एसटीनं वडीगोद्रीला लेकीच्या घरी गेल्या.

सोमवारी मी विचारलं, "मावशी, काय म्हणाली बेबीनंदा?"

"तिला काई आठवत न्हाई म्हणली," तांदूळ निवडत त्या म्हणाल्या. "मंग गाडी येईस्तोवर दस्ती मुठीतून का सोडली न्हाई तिनं?"