अब्बांचे पुढचे दोन दात

शिरूरच्या एका मेडिकलमध्ये मी कामाला होतो आणि माझा कुठल्याच औषधावर पटकन विश्वास बसत नसे. कॅप्सूलचं आवरण जनावराच्या हाडांपासून बनतं हे एकदा कळल्यावर तर मी लेबल वाचल्याशिवाय घरात खोकल्याचं औषधही नेईना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशातली गत. बायको हसायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझे वडील, म्हणजे अब्बा, न्हावऱ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवावं लागतं, आणि अब्बांचे नेमके तेच दोन दात हलायला लागले. लग्नसराई तोंडावर होती. दात गेले की वाजवणं गेलं, आणि त्याशिवाय अब्बा दिवसभर काय करतील या विचारानं मला धडकी भरायची.

शिरूरला दाताच्या एक तरुण डॉक्टर नव्यानं आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दात काढायला नकोत. हिरडी उघडून मुळं साफ करू आणि वर एक जेल लावू. बाकीचे डॉक्टर सरळ पकड हातात घेतात आणि ह्या म्हणे दात वाचवणार. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं. त्यात जेलची सिरिंज पुण्याहून बर्फात आलेली, आणि तिचं खोकं बाईंनी टेबलावर पालथं ठेवलेलं.

अब्बा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. भुलीचं इंजेक्शन अजून द्यायचं होतं.

“हे जेल करतं काय?” मी विचारलं.

“लहानपणी दाताचं मूळ वाढतं, तेव्हा त्याच्याभोवती पेशींचा पातळ पडदा असतो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तो विरतो, पण मुळावर थोडी प्रथिनं सोडून जातो, असं मानतात. मुख्य म्हणजे अमेलोजेनिन. मग बाहेरच्या पेशी येऊन मुळाला धरतात, कोलॅजनचे धागे विणतात. सायलोप्रोटीन नावाचं आणखी एक प्रथिन त्या धाग्यांत कॅल्शियम बसवतं. तो थर म्हणजे सिमेंटम. दाताला जबड्याशी बांधणारे तंतू त्यातच रुतलेले असतात. चाचांचा तो थर खराब झालाय. जेलमध्ये ती मुळावरची प्रथिनं आहेत. गिलावा धरायला आधी भिंत भिजवतात ना, तसंच.”

इतकं सरळ उत्तर मिळालं की माझा संशय वाढतो.

“ही प्रथिनं कारखान्यात बनतात?”

“नाही. जनावराच्या न उगवलेल्या दातांतून काढतात.”

“कुठल्या जनावराच्या?”

त्यांनी माझ्याकडे न बघता अब्बांकडे बघितलं. मला काय ते कळलं. बाईंनी गाय म्हणावं, बकरी म्हणावं, काहीही खोटं बोलावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. एरवी मी लोकांचं खोटं पकडायला टपलेला माणूस.

“डुकराच्या,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शनच्या आधी मी सांगणारच होते, चाचा.”

खरंच सांगणार होत्या का, हे मला आजही ठरवता येत नाही.

अब्बा म्हणाले, “ते ऱ्हाऊ द्या, बाई. नुसतं साफ करा.”

बाईंनी मुळं साफ करून टाके घातले. त्या लग्नसराईत अब्बांनी कसंबसं वाजवलं. पुढच्या वर्षी आधी एक दात गेला, मग दुसरा. कवळीवर क्लॅरिनेट काही टिकेना, तेव्हा त्यांनी ते बँडमधल्या दुसऱ्या माणसाला देऊन टाकलं. दुपारभर ते ओट्यावर बसून राहायला लागले.

एकदा न राहवून मी म्हणालो, “त्या बाईनं आपल्यापासून लपवलं व्हतं, अब्बा. मी विचारलं म्हणून कळलं.”

“डुकराचं असंल असं मला पयल्याच दिवशी वाटलं व्हतं,” अब्बा म्हणाले.

“मग तुम्ही विचारलं का न्हाई?”

“म्हणूनच विचारलं न्हाई,” ते म्हणाले.